लग्नाची नव्हे, हृदयाची काळजी करा



या सदरातून आम्ही रेशनकार्डापासून मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत अनेक विषय मांडले. आजचा विषय असा आहे की काही घरांत हे पान पटकन उलटले जाईल. विषय मुलींच्या पाळीचा आहे. पुरुषाने, त्यातही कचेरीत फायली सांभाळणाऱ्या कारकुनाने, यावर कशाला लिहावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर आमच्याच घरात आहे.

आमची थोरली बहीण आक्का वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली. आदल्या रात्री तिच्या छातीत जळजळ होत होती, पाठ दुखत होती. "पित्त झालंय," म्हणून ती लिंबू-सोडा प्याली. पहाटे उठून तिने दोन डबे भरले आणि ओट्यापाशीच कोसळली. शेवटची काही वर्षे तिला साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास होता. त्याच्याही खूप आधी, तरुणपणी, तिची पाळी तीन-तीन महिने येत नसे आणि हनुवटीवर केस येत, हे घरातल्या बायकांना ठाऊक होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकेल, असे कुणाच्या मनातही आले नाही. आक्काला नेमके काय होते हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण तिची त्या दृष्टीने कधी तपासणीच झाली नाही.

आक्काची मुलगी आज तेवीस वर्षांची आहे. तयार कपड्यांच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसते. दोन वर्षांपूर्वी तिने आपल्या मामीजवळ पाळीची तक्रार सांगितली. मामीने ती आमच्या कानावर घातली, तेव्हा आम्ही काय म्हणालो? "लग्न झालं की सगळं सुरळीत होतं." लोकांना शहाणपण सांगत हिंडणाऱ्या आमच्या तोंडचे हे वाक्य आज आम्हांस टोचते, म्हणून ते येथे लिहून ठेवत आहोत.

गेल्या हिवाळ्यात पाळी चार महिने लांबली तेव्हा मामी तिला सार्वजनिक रुग्णालयात घेऊन गेली. आम्हीही सोबत गेलो. सोनोग्राफी झाली, रक्त तपासले. कागदावर आले, 'पीसीओएस'. दाजींनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, लग्नाला काही अडचण नाही ना?" डॉक्टरीणबाईंनी त्याचे उत्तर दिले नाही. त्यांनी उलट विचारले, "घरात कुणाला हृदयविकार होता का?"

भाचीने आमच्याकडे पाहिले. दाजी खाली पाहू लागले. पाळीच्या दवाखान्यात हृदयाचा प्रश्न कसा आला, हे आम्हांसही समजले नाही. मग आम्ही विचारून, वाचून जे समजून घेतले, ते आज आपणांपुढे ठेवत आहोत.

हा विकार आहे तरी काय?

पीसीओएस म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडे पुष्कळजण पीसीओडी म्हणतात. सोनोग्राफीत अंडाशयावर पुष्कळ लहान लहान फोड दिसतात, आणि 'गाठी आहेत' हे ऐकून आईबापांच्या पोटात गोळा येतो. या गाठी कर्करोगाच्या नव्हेत. पूर्ण न वाढता मध्येच थांबलेल्या बीजांच्या त्या पिशव्या असतात.

हा विकार ओळखण्यासाठी २००३ साली रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी तीन खुणा ठरवल्या. पहिली, पाळी अनियमित किंवा बंद. दुसरी, शरीरात पुरुषी संप्रेरके जास्त, म्हणजे चेहऱ्यावर केस, हटवादी मुरमे, किंवा रक्ततपासणीत तसे आढळणे. तिसरी, सोनोग्राफीत दिसणारी अंडाशये. प्रौढ स्त्रीमध्ये या तीनपैकी दोन असल्या आणि थायरॉइडसारखे दुसरे कारण नसले, तर पीसीओएस धरतात. पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते. म्हणून चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची केवळ सोनोग्राफी करून तिच्यावर शिक्का मारू नये.

हा विकार दुर्मीळ नाही. बाळंतपणाच्या वयातल्या शंभर स्त्रियांपैकी दहा ते तेरा जणींना तो असतो, असा जागतिक अंदाज आहे. आपल्या वस्तीतल्या मुली मोजा आणि हिशेब करा. त्यांतल्या बहुतेकींना आपल्याला काय झाले आहे हे माहीतच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शंभरातल्या सत्तर जणींपर्यंत निदानच होत नाही.

पाळीपासून हृदयापर्यंत

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत छापली आणि हा विकार वैद्यकाच्या नजरेत भरला. पुढे कित्येक वर्षे डॉक्टरांचेही लक्ष अंडाशयावर आणि मूल होण्यावरच होते. १९८० च्या सुमारास ध्यानात येऊ लागले की यातल्या अनेक स्त्रियांच्या रक्तात इन्शुलिन वाजवीपेक्षा जास्त असते. म्हणजे दाजींनी आणि आम्ही जी चूक केली, तीच चूक मोठमोठ्या डॉक्टरांकडूनही होत आली होती. स्त्री म्हटली की गर्भाशय तेवढे पाहायचे, बाकीचे शरीर पाहायचे नाही!

इन्शुलिन हा शरीरातला रस रक्तातली साखर स्नायूंच्या आत पोचवतो. या विकारात पुष्कळ जणींचे शरीर त्याचे नीट ऐकत नाही. मग शरीर आणखी इन्शुलिन तयार करते. हे जादा इन्शुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते, म्हणून पाळी बिघडते. दुसऱ्या बाजूला पोटावर चरबी साठते, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढते, एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब चढू लागतो आणि पुढे मधुमेह येऊ शकतो. अंगाने बारीक असलेल्या मुलीलाही हा विकार होतो, तेव्हा 'आमची पोरगी तर काडी आहे' म्हणून निश्चिंत राहू नये.

साखर, चरबी आणि रक्तदाब हे तिघे एकत्र आले की हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होतात. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०२३ साली जी मार्गदर्शिका काढली, तीत पीसीओएस असलेल्या स्त्रीला हृदयविकाराचा धोका अधिक आहे असे धरून चालावे, असे सांगितले आहे. घाबरून जाण्याचे कारण नाही. तेवीस वर्षांच्या मुलीला उद्या झटका येणार असा याचा अर्थ नव्हे. तरुण वयात प्रत्यक्ष झटका क्वचितच येतो. पण उधारीची वही आजच उघडलेली असते, आणि व्याज पन्नाशीच्या आसपास मागितले जाते.

आपल्या लोकांच्या बाबतीत तर ते अधिक लवकर मागितले जाते. ५२ देशांत केलेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांतल्या लोकांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी. त्यात आई पासष्टीच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर मुलीने अधिक जपले पाहिजे. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचा अर्थ हा होता.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिले आणि म्हणाल्या, "हे घ्यायचंच. पण चालायचंही. चालण्याची गोळी निघालेली नाही."

चालण्याने हृदय कसे वाचते, याचा पहिला भक्कम पुरावा कामगारांनीच दिला आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील हजारो कामगारांची पाहणी केली आणि १९५३ साली ती छापली. ड्रायव्हर आणि कंडक्टर एकाच बसवर, एकाच वस्तीतले. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीभर बसून राही आणि कंडक्टर दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढे-उतरे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि जो आला तोही सौम्य व उशिरा. त्याच पाहणीत टपाल वाटत फिरणारे पोस्टमन बसून काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुस्थितीत आढळले. हे वाचून आम्ही आमच्या खुर्चीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले.

ते सगळे पुरुष होते. पण त्यानंतर स्त्रियांचेही पुष्कळ अभ्यास झाले, आणि पीसीओएस असलेल्या स्त्रियांचेही. त्यांतून एक दिलाशाची गोष्ट निघाली. व्यायामाने वजन फारसे उतरले नाही तरी फायदा होतो. इन्शुलिनचे काम सुधारते, कमरेचा घेर घटतो, दम वाढतो. कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास पळून सहा दिवस बसण्यात अर्थ नाही. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.

किती करावे, कसे करावे?

आठवड्यातून एकूण १५० मिनिटे तरी मध्यम व्यायाम, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास झपाझप चालणे. जमल्यास ३०० मिनिटांपर्यंत वाढवावे. पळणे, दोरीवरच्या उड्या, वेगाने जिना चढणे असा जोराचा व्यायाम असेल तर ७५ मिनिटेही चालतील. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. सलग अर्धा तास मिळत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत.

याशिवाय आठवड्यातून दोनदा, मध्ये एखादा दिवस सोडून, स्नायूंना जोर लावणारा व्यायाम करावा. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला तळवे टेकून दंड काढल्यासारखे करणे, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणे. यासाठी जिमची फी लागत नाही. कोणता व्यायाम सर्वांत चांगला, असे विचाराल तर त्या मार्गदर्शिकेत कुठल्याही एका प्रकाराला पहिला नंबर दिलेला नाही. जो रोज होईल तो चांगला. पाळीच्या दिवसांतही चालायला हरकत नाही.

"आमच्या बाया दिवसभर राबतातच की!"

हा प्रश्न आम्हांस मंडळाच्या बैठकीत विचारला गेला. प्रश्न योग्य आहे. चार घरची धुणीभांडी करून चार जिने चढणारी, दोन हंडे घेऊन चढावरून येणारी बाई व्यायाम करतेच. तिच्या कष्टांची नोंद व्यायामात झालीच पाहिजे. तिला आणखी पळवण्यापेक्षा तिला विश्रांती, पुरेसे जेवण आणि वेळेवर तपासणी यांची गरज अधिक आहे.

पण सगळ्याच जणींचे काम तसे राहिलेले नाही. शिलाई मशिनवर वाकलेली, घरी टिकल्यांची पाकिटे भरणारी, दुकानाच्या गल्ल्यावर किंवा आमच्या भाचीसारखी टेबलावर बसणारी मुलगी थकते खरी, पण तिचा दम वाढत नाही. मान, पाठ आणि डोळे शिणतात, हृदय मात्र बसूनच राहते. शीण म्हणजे व्यायाम नव्हे. २०२२ सालच्या आकडेवारीवरून जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी असे दाखवले की आपल्या देशात शंभरापैकी ५७ प्रौढ स्त्रियांची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुषांत हे प्रमाण ४२ आहे. या फरकाला आळस म्हणायचे काय? आम्ही घरात पाहिले तेव्हा कळले की नाही.

भाचीने चालायला सुरुवात केली ती पहाटे साडेपाचला. तिसऱ्या दिवशी नाक्यावरच्या पोरांनी शेरा मारला. शेजारच्या काकूंनी दाजींना विचारले, "पोरगी एवढ्या सकाळी कुठं जाते?" दाजींनी तिचे चालणे बंद केले. मग संध्याकाळी चालावे, तर कारखान्यातून आल्यावर स्वयंपाक. साडेपाच ते साडेसहा हीच वेळ नळाला पाणी येण्याची, म्हणून मामीलाही तिच्यासोबत जाता येईना.

तेव्हा मामीने आम्हांस सरळ विचारले, "तुम्ही व्याख्यानं देता. पाणी कोण भरणार?"

त्या दिवसापासून पाणी आम्ही भरतो. पहिल्या आठवड्यात चाळीतल्या पुरुषांनी थट्टा केली, आमच्या कमरेनेही केली. पण मामी-भाची दोघी निघाल्या. दोघी असल्यावर पोरे गप्प बसली. पुढे शेजारच्या त्याच काकू आल्या. त्यांना स्वतःलाच साखरेचा त्रास होता. आज सात जणी विहारासमोरच्या पटांगणात फेऱ्या मारतात, आणि पावसाच्या दिवशी आतल्या सभागृहात उठाबशा काढतात. दाजींनी अजून 'चांगले आहे' असे म्हटलेले नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनी मुलीसाठी कॅनव्हासचे बूट आणले आणि काही न बोलता उंबऱ्याजवळ ठेवले.

तपासण्या टाळू नका

पीसीओएस निघाला की साखर आणि रक्तातील चरबी तेव्हाच तपासून घ्यावी. साखरेसाठी उपाशीपोटी रक्त देऊन, ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन, दोन तासांनी पुन्हा रक्त देण्याची तपासणी अधिक खात्रीची. ती एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. रक्तदाब दरवर्षी पाहावा. घरी टेपने कंबर मोजावी, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध. आपल्याकडील स्त्रीची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंचांच्या आत असावी. पाळी तीन महिन्यांहून अधिक लांबली तर डॉक्टरांना भेटलेच पाहिजे, कारण गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे धोक्याचे असते. चालणे सुरू केले म्हणून औषध मनाने बंद करू नये.

आपल्या देशात निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. थोडे चालल्यावर धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन पाहावे. चालताना छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबून दवाखाना गाठावा. आणि प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे की स्त्रीच्या हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येतेच असे नाही. जबडा, पाठ किंवा खांदा दुखणे, दम लागणे, घाम येणे, मळमळणे, कधी न वाटलेला थकवा, ही लक्षणे असू शकतात. अशा वेळी लिंबू-सोडा देत बसू नका. १०८ क्रमांक फिरवा. आक्काच्या वेळी आम्हांस हे ठाऊक नव्हते.

लग्नाचे काय?

दाजींच्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरीणबाईंनी शेवटी दिले. पीसीओएस म्हणजे वांझपण नव्हे. यातल्या बहुतेक स्त्रियांना मुले होतात, काहींना त्यासाठी उपचार लागतात. लग्नाने मात्र हा विकार बरा होत नाही. तेव्हा आमच्यासारखे 'लग्न झालं की होईल' असे म्हणणे म्हणजे पोरीचे दुखणे दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणे होय.

भाचीने एका स्थळाला स्वतःच हे सांगितले. स्थळ परत गेले. दाजी आठवडाभर आमच्याशी बोलले नाहीत. भाची म्हणाली, "मामा, गोळ्या लपवून संसार करायचा नाही मला. आई सगळं लपवतच गेली." यावर आम्हांस उत्तर सुचले नाही.

आता चार महिने झाले. तिचे वजन जेमतेम दीड किलो उतरले आहे. कंबर दोन इंच कमी झाली. पाळी दोनदा वेळेवर आली, तिसऱ्यांदा पुन्हा लांबली. कारखान्याचे तीन मजले ती आता मध्ये न थांबता चढते. हा चमत्कार नव्हे, आणि तो आयुष्यभर चालू ठेवावा लागेल, हे तिला ठाऊक आहे.

बापांनो, भावांनो, मामांनो, तुमच्या घरातल्या मुलीची पाळी चुकत असेल तर तो विषय फक्त बायकांचा म्हणून बाजूला सारू नका. तिला तपासणीला न्या. तिला रोजचा अर्धा तास मोकळा करून द्या. 'तू चाल' एवढे म्हणून तो मिळत नाही. त्या अर्ध्या तासात तिच्या वाट्याचे काम कुणीतरी उचलावे लागते. आमच्या घरी तो हंडा आम्ही उचलला आहे. तुमच्या घरी कोण उचलणार, हे आज रात्री जेवताना ठरवा.